‘वडगाव’ टाइप केलं, पण कोणतं वडगाव? पोस्टजीआयएसवर गावांच्या नावांचा शोध बांधताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुमच्याकडे महाराष्ट्रातल्या चाळीस हजारांहून जास्त गावांचा टेबल पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. त्यावर पोस्टजीआयएस, म्हणजे नकाशावरच्या जागा हाताळणारी जोड, बसवलेली आहे, एका कॉलममध्ये नाव आणि दुसऱ्यात जागा. कुणी सर्च बॉक्समध्ये ‘वडगाव’ टाकलं की तुम्ही शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून ‘लाइक’ चालवता, म्हणजे नावात कुठेही तो शब्द असलेल्या ओळी मागता. क्वेरी रेंगाळते, निकाल कोणत्याही क्रमाने येतात, रोमन लिपीत टाइप केलं तर काहीच मिळत नाही. सहकारी म्हणतात इलॅस्टिकसर्च हे वेगळं सर्च इंजिन आणू या. तर आणायचं का, आणि जनगणनेचा डेटा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या डेटात मिसळायचा का, हे तुमचे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: आत्ता नको. तुम्ही वेगाबद्दल विचारलंय, पण तुमच्या वर्णनात वेगाचा भाग सगळ्यात सोपा आहे, तो एका इंडेक्सने, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारख्या आधीच लावून ठेवलेल्या यादीने, सुटतो. अवघड भाग वेगळा आहे. तुमच्या टेबलात नाव हा गावाचा एक गुणधर्म आहे, जसा क्षेत्रफळाचा कॉलम असतो तसा. प्रत्यक्षात एका ठिकाणाला अनेक नावं असतात आणि एका नावाची अनेक ठिकाणं असतात. शिवाय ‘कोणती नावं जुळतात’ आणि ‘त्यातलं कोणतं ठिकाण या माणसाला हवंय’ हे दोन निराळे प्रश्न तुम्ही एकाच क्वेरीत विचारताय. इलॅस्टिकसर्च आणलंत तरी हे दोन्ही गोंधळ तसेच त्याच्यात जातील आणि वर दोन डेटाबेस एकमेकांशी जुळते ठेवण्याचं काम वाढेल.

मी धरून चाललोय की तुमचे लोक गावं, वाड्या, शहरातले भाग, किल्ले, नद्या असं शोधतात. सोसायटी, घर नंबर, रस्ता असा पूर्ण पत्ता शोधायचा असेल तर पुढचं बरंचसं लागू पडत नाही, ते वेगळंच काम आहे. तसंच सगळ्या जगाची नावं आणि प्रत्येक अक्षराला सेकंदाला हजारो विनंत्या असा भार असेल तर उत्तर बदलू शकतं. पण महाराष्ट्रापुरती नावं, सगळे पर्याय धरून, काही लाखांत बसतात. एवढा डेटा साध्या सर्व्हरच्या मेमरीत आरामात राहतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवरचा शोध ज्या नॉमिनॅटिमवर चालतो, तो आख्ख्या जगाची नावं पोस्टग्रेस आणि पोस्टजीआयएसवरच सांभाळतो. टाइप करता करता सुचवण्या देणारं फोटॉन नॉमिनॅटिमचाच डेटा घेऊन वेगळ्या सर्च इंजिनवर चालतं. म्हणजे दोन्ही रस्ते चालू आहेत, फक्त दुसऱ्याची गरज कधी पडते ते ओळखायचं.

आता रचना. दोन टेबल करा. पहिला ठिकाणांचा: आयडी, प्रकार, बिंदू, असेल तर हद्द, तालुका-जिल्ह्याचे आयडी, लोकसंख्या आणि एक ‘महत्त्व’ नावाचा आकडा. दुसरा नावांचा: ठिकाणाचा आयडी, नाव जसं लिहितात तसं, लिपी, नावाचा प्रकार, कुठून आलं, आणि शोधायची चावी. नावाच्या प्रकाराचा कॉलम जरूर ठेवा. अधिकृत, प्रचलित, पूर्वीचं, संक्षिप्त, इतर भाषेतलं, एवढे प्रकार बहुतेक वेळा पुरतात.

हा कॉलम किती कामाचा आहे ते छत्रपती संभाजीनगरवरून दिसतं. २०२३ मध्ये नाव बदललं, तरी ‘औरंगाबाद’ टाइप करणारे लोक आहेत आणि पुढेही राहतील. त्यांना उत्तर मिळालंच पाहिजे, पण दाखवताना ठळक नाव आजचं हवं आणि खाली बारीक अक्षरांत ‘पूर्वीचं औरंगाबाद’ हवं. त्याच वेळी बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे आणि तिथे ते आजचं अधिकृत नाव आहे. तुमचा डेटा उद्या राज्याबाहेर गेला तर ‘पूर्वीचं नाव जुळलं’ आणि ‘आजचं नाव जुळलं’ यांचं वजन वेगळं लागेल. उलट बाजूने, नुसतं ‘संभाजीनगर’ हे शहरांतल्या वस्त्यांचंही नाव असतं. धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद) आणि अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) यांचंही नाव असंच बदललं. जुनं नाव पुसून त्या जागी नवं लिहिणं म्हणजे वापरणाऱ्यांचे अर्धे शोध फुकट घालवणं.

पूना, किर्की, सायन, बसीन, पंजिम ही नावंही याच टेबलात ओळी म्हणून येतात. पूना आणि पुणे यांच्यात निदान थोडं साम्य आहे, पण बसीनवरून वसई कोणत्याही नियमाने सापडणार नाही. ज्याला नियम नाही ते टेबलात लिहायचं आणि ज्याला नियम आहे ते चावीत घालायचं, ही विभागणी मी सगळीकडे पाळतो.

चावीबद्दल सविस्तर बोलतो, कारण मराठी नावांच्या शोधात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. चावी म्हणजे नावातले लिहिण्याचे भेद काढून टाकल्यावर जे उरतं ते. नाव टेबलात टाकताना एका फंक्शनने ती बनवायची आणि वापरणाऱ्याने टाइप केलेला शब्दही त्याच फंक्शनमधून काढायचा. दोन्ही बाजूंना एकच फंक्शन, यात तडजोड नाही.

कराडचं उदाहरण घेऊ. कराड असंही लिहितात आणि कऱ्हाड असंही. यातला ‘ऱ्ह’ संगणकात दोन प्रकारे साठवलेला सापडतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र युनिकोड अक्षर, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह, मग ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, पण डेटाबेसच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. वेगवेगळ्या कीबोर्डवरून आणि जुन्या फॉन्टमधून बदललेल्या फायलींतून हे मिश्रण हमखास येतं. म्हणून पहिली पायरी युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण ठरलेल्या एका रूपात आणणं. पोस्टग्रेस १३ पासून ‘नॉर्मलाइज’ फंक्शन आत आहेच. दुसरी पायरी जॉइनर आणि नॉन-जॉइनर ही न दिसणारी चिन्हं काढणं. तिसरी, ‘ऱ’चा र करणं. एवढ्याने कऱ्हाडची दोन्ही रूपं एक होतात. मधला ह गाळून कराडपर्यंत जायचं काम मात्र मी नियमाला देत नाही, कारण मग कोल्हापूरमधलाही ह जातो. कराड आणि कऱ्हाड या सरळ दोन ओळी.

पुढचे नियम ओळखीचे आहेत. पंढरपूर आणि पण्ढरपूर, चंद्रपूर आणि चन्द्रपूर: अनुस्वार आणि पंचमवर्ण एक करायचे. नागपूर आणि नागपुर: ऱ्हस्व-दीर्घ एक करायचे, हिंदी वळणाने लिहिलेली नावं निम्म्या डेटात असतात. ण आणि न, ळ आणि ल एक करायचे. श, ष, स मीही एक करतो, सोलापूर-शोलापूरसाठी. बु., बुद्रुक, खु., खुर्द, ता., जि. यांचे पूर्ण शब्द करायचे, पण बुद्रुक-खुर्द चावीतून काढायचे नाहीत. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द ही दोन वेगळी गावं आहेत.

आता लिप्यांचा प्रश्न. मी चावी देवनागरीत ठेवत नाही, साध्या छोट्या रोमन अक्षरांत ठेवतो. देवनागरी नाव रोमनमध्ये उतरवायचं, रोमन नावही त्याच साच्यात बसवायचं, मग दोन्ही लिप्या एकाच कॉलममध्ये भेटतात. अडचण ‘अ’ची आहे. ‘वडगाव’ अक्षराअक्षराने उतरवलं तर मधे आणि शेवटी जादा रोमन ‘ए’ येतात, माणसं रोमनमध्ये ते लिहीत नाहीत. म्हणून मी दोन चाव्या ठेवतो. घट्ट चावीत स्वर राहतात, फक्त शब्दाच्या शेवटचा ‘अ’ जातो. सैल चावीत स्वर सगळे काढून व्यंजनांचा सांगाडा उरतो. वडगावचा सांगाडा व्ही-डी-जी-व्ही. आता कुणी रोमनमध्ये डब्ल्यूने सुरू करून शेवटी जी-ए-ओ-एन लिहिलं तर? डब्ल्यूचा व्ही करणं सोपं आहे. पण शेवटचा एन तसाच राहिला तर सांगाडा व्ही-डी-जी-एन होतो आणि जुळणी तुटते. महाराष्ट्रात ‘गाव’ने संपणारी नावं किती आहेत हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे रोमन ‘गाव’ची सगळी रूपं शब्दाच्या शेवटी आली तर एकच करायची, हा नियम मी सगळ्यात आधी लिहितो. त्यानंतर पीएच आणि एफ (फलटण दोन्हींनी लिहितात), च आणि छ, झ साठी झेड किंवा जेएच, ज्ञ साठी डीएनवाय किंवा जीवाय. अनुस्वार प-वर्गाच्या आधी आला तर एम, एरवी एन, म्हणजे मुंबई आणि सांगली दोन्ही बरोबर बसतात.

सांगाड्यात वेगवेगळी नावं एकत्र येतात. अकोला आणि अकोले एकच होतात, एक जिल्ह्याचं ठिकाण आणि दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातला तालुका. यात बिघडत काही नाही. सैल चावीचं काम उमेदवार गोळा करणं एवढंच आहे. घट्ट चावी जुळलेला वर आणि नुसता सांगाडा जुळलेला खाली, हे नंतर ठरतं. मूळ नाव कधीच बदलायचं नाही, दाखवताना तेच दाखवायचं.

रोमन चावीचा आणखी एक फायदा ट्रायग्रॅमच्या बाबतीत दिसतो. चुकीच्या स्पेलिंगसाठी पीजी-टीआरजीएम हे एक्स्टेन्शन बहुतेक जण वापरतात आणि मीही वापरतो. ते शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करतं आणि दोन शब्दांत किती तुकडे समान आहेत ते मोजतं. पण अक्षर कशाला म्हणायचं हे डेटाबेसच्या लोकेलवर, म्हणजे भाषेच्या सेटिंगवर, ठरतं. डेटाबेस ‘सी’ लोकेलवर बनवलेला असेल तर देवनागरी अक्षरं त्याच्या हिशेबात अक्षरंच नसतात आणि तुकडे शून्य निघतात. एरर येत नाही, फक्त काहीच जुळत नाही. तुमच्या सर्व्हरवर ‘शो टीआरजीएम’ फंक्शनला ‘पंढरपूर’ देऊन पाहा. रिकामी यादी आली तर कारण हे. यादीत अक्षरांऐवजी शून्य-एक्सने सुरू होणारे कोड दिसले तर घाबरू नका, बहुबाइट अक्षरांचे तुकडे ते तसेच दाखवतं. रोमन चावीवर हा सगळा प्रश्नच उरत नाही.

लहान नावांवर ट्रायग्रॅम किती कमजोर आहे तेही हाताने मोजून पाहण्यासारखं आहे. ‘पेण’ म्हणजे प, मात्रा, ण अशी तीन चिन्हं. शब्दाच्या आधी दोन आणि नंतर एक रिकामी जागा धरली जाते, त्यामुळे तुकडे चार. कुणी ‘पेन’ टाइप केलं. त्याचेही तुकडे चार, त्यातले पहिले दोन समान, शेवटचे दोन वेगळे. एकूण वेगवेगळे तुकडे सहा, समान दोन, साम्य ०.३३. आता ‘पेन’ची तुलना नाशिक जिल्ह्यातल्या ‘पेठ’शी करा. तेच गणित, तेच ०.३३. म्हणजे ट्रायग्रॅमच्या लेखी रायगडमधलं पेण आणि नाशिकमधलं पेठ हे ‘पेन’पासून सारख्याच अंतरावर आहेत, आणि डीफॉल्ट मर्यादा ०.३ असल्यामुळे दोन्ही जेमतेम आत येतात. चावीत ण चा न झाला असेल तर पेण तंतोतंत जुळतं आणि प्रश्न संपतो. वाई, बीड, खेड, उरण, पेण अशी नावं आपल्याकडे भरपूर आहेत. चार अक्षरांपर्यंतच्या शब्दाला ट्रायग्रॅमपर्यंत शक्यतो जाऊच देऊ नये.

लांब नावांना उलटा त्रास होतो. ‘शिरूर’ शोधताना ‘शिरूर अनंतपाळ’शी साम्य ०.४३ एवढंच निघतं, कारण अनंतपाळचे तुकडे भाजकात येतात. तिथे साध्या साम्याऐवजी ‘वर्ड सिमिलॅरिटी’ वापरा, ते लांब नावातल्या सगळ्यात जुळणाऱ्या भागाशी तुलना करतं आणि पूर्ण १ देतं.

क्वेरीचा क्रम मग असा लावतो. आधी घट्ट चावी तंतोतंत. मग घट्ट चावीची सुरुवात. मग सांगाडा. पुरेसे उमेदवार मिळाले नाहीत तरच ट्रायग्रॅम. पहिल्या तिन्हींना साधा, क्रमाने लावलेला बी-ट्री इंडेक्स चालतो. फक्त लोकेल ‘सी’ नसेल तर सुरुवातीच्या शोधासाठी इंडेक्स ‘टेक्स्ट पॅटर्न ऑप्स’ लावून बनवा, नाहीतर पोस्टग्रेस तो वापरत नाही आणि इंडेक्स असूनही क्वेरी हळू का, असा प्रश्न पडतो. ट्रायग्रॅमला जिन इंडेक्स, जो तुकड्यावरून ओळी शोधतो. तुमचा आजचा दोन्ही बाजूंनी टक्क्यांचा ‘लाइक’सुद्धा ट्रायग्रॅमच्या जिन इंडेक्सवर चालतो, म्हणजे आज दुपारीच वेगाची तक्रार मिटवायची असेल तर एवढं करा. चावी मात्र कॉलममध्ये साठवलेली हवी. क्वेरीच्या वेळी प्रत्येक ओळीवर फंक्शन चालवायचं नाही. फंक्शन ‘इम्युटेबल’ असेल, म्हणजे त्याच शब्दाला नेहमी तेच उत्तर देत असेल, तर पोस्टग्रेस १२ पासून जनरेटेड, म्हणजे आपोआप भरला जाणारा, कॉलम करता येतो. रोमन नावांवरचे स्वरचिन्ह काढायला ‘अनॲक्सेंट’ वापरणार असाल तर ते तसं मानलं जात नाही, त्याला स्वतःच्या फंक्शनात गुंडाळावं लागतं किंवा कॉलम ट्रिगरने, म्हणजे ओळ बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडने, भरावा लागतो.

इथपर्यंत जुळवणी झाली. पन्नासेक उमेदवार हातात आले. आता निवड, आणि वापरणाऱ्याला चांगला शोध वाटतो तो इथल्या कामामुळे.

कर्जत घ्या. रायगडमध्ये एक, अहिल्यानगरमध्ये एक, दोन्ही तालुक्याची ठिकाणं. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत. कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये. मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्ये. नावाच्या जुळणीला यातलं काहीच कळत नाही, सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण. वडगावांची तर मोजदादच करायला नको. मी गुण चार गोष्टींवरून देतो: जुळणी किती घट्ट आहे, जुळलेलं नाव कोणत्या प्रकारचं आहे, ठिकाणाचं महत्त्व, आणि संदर्भ.

महत्त्वासाठी प्रशासकीय दर्जा आणि लोकसंख्येचा लॉगरिदम वापरा. थेट लोकसंख्या घेतलीत तर पुणे-मुंबईतले भाग सगळं व्यापून टाकतात आणि पाचशे वस्तीची वाडी कधीच वर येत नाही. किल्ल्यांना आणि देवस्थानांना लोकसंख्या नसते किंवा नगण्य असते, त्यांना प्रकारावरून हाताने महत्त्व द्यावं लागतं. ‘राजगड’ टाइप करणाऱ्याला बहुतेक वेळा किल्ला हवा असतो.

संदर्भ दोन प्रकारचा. एक, वापरणारा नकाशाचा कोणता भाग पाहतोय. दुसरा, त्याने स्वतः काय लिहिलंय. नकाशाच्या मध्यापासूनच्या अंतराला वजन द्या, पण झूमवर अवलंबून. कुणी मावळाचा भाग जवळून पाहत असेल तर जवळचं वडगाव वर आलंच पाहिजे. आख्खं राज्य स्क्रीनवर असेल तर मध्यबिंदूला काहीच अर्थ नाही, तेव्हा अंतराचं वजन शून्य करा. अंतराचाही लॉगरिदम घ्यावा: दोन आणि वीस किलोमीटरमध्ये फरक मोठा आहे, तीनशे आणि तीनशे अठरामध्ये नाही.

लिहिलेला संदर्भ याहून मोलाचा. ‘वडगाव मावळ’, ‘शिरूर बीड’, ‘कर्जत रायगड’ असं लोक लिहितात, आणि त्यांनी एवढं सांगितल्यावर आपण चुकायला नको. शब्द फोडा आणि शेवटचे एक-दोन शब्द तालुका-जिल्ह्याच्या नावांच्या चावीशी जुळतात का पाहा. जुळले तर उरलेला भाग त्या हद्दीत शोधा. पण पूर्ण शब्दसमूहाचा शोधही सोबत चालू ठेवा, कारण ‘शिरूर कासार’मधला कासार कुठलाही तालुका नाही, तो नावाचाच भाग आहे. दोन्ही वाचनं गुणांकन करून एकत्र लावा.

यासाठी प्रत्येक ठिकाणाच्या ओळीत त्याचा तालुका आणि जिल्हा आधीच भरलेला हवा. बिंदू कोणत्या हद्दीत येतो हे पोस्टजीआयएस छान सांगतं, पण ते डेटा भरताना एकदाच विचारायचं. प्रत्येक शोधात विचारलंत तर सर्व्हर तालुक्यांच्या हजारो बिंदूंच्या हद्दी पुन्हा पुन्हा तपासत बसेल. गावाची हद्द असेल आणि बिंदू नसेल तर मध्यबिंदू काढणारं ‘सेंट्रॉइड’ वापरू नका. नदीच्या वळणात पसरलेल्या गावाचा सेंट्रॉइड शेजारच्या गावात पडू शकतो. ‘पॉइंट ऑन सरफेस’ हद्दीच्या आतच बिंदू देतं.

हद्दीही बदलतात, आणि लोक जुन्या हद्दीने लिहितात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत डहाणू, जव्हार, मोखाडा ठाणे जिल्ह्यात आहेत. ‘डहाणू ठाणे’ असा शोध आजही येतो आणि तो बरोबर धरायला हवा. मी पूर्वीच्या जिल्ह्याचा आयडीही जुन्या नावासारखाच कमी वजनाने ठेवतो. हिंगोली-परभणी, वाशिम-अकोला, नंदुरबार-धुळे, गोंदिया-भंडारा या जोड्यांनाही तोच उपाय.

पहिल्या दोन निकालांच्या गुणांत थोडाच फरक असेल तर नकाशा आपोआप पहिल्यावर नेऊ नका. ‘कर्जत, रायगड’ आणि ‘कर्जत, अहिल्यानगर’ अशा दोन ओळी दाखवा आणि माणसाला निवडू द्या. तालुका-जिल्हा लिहिल्याशिवाय एकही ओळ दाखवायची नाही. शेतकऱ्याला किंवा रुग्णवाहिकेच्या चालकाला चुकीच्या वडगावला पाठवण्यापेक्षा एक जादा टॅप परवडतो.

जागेच्या बाजूचे दोन खाचखळगे सांगतो. बिंदू बनवणाऱ्या ‘मेकपॉइंट’ फंक्शनला आधी रेखांश, मग अक्षांश द्यायचा असतो. उलटं झालं तर पुणं नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जातं. महाराष्ट्राचे रेखांश साधारण ७२ ते ८१ आणि अक्षांश १५ ते २३ मध्ये येतात, टेबलावर तशी तपासणीची अट (चेक) लावून टाका. दुसरं, मीटरमध्ये अंतर हवं म्हणून सगळा डेटा यूटीएम या पट्ट्यापट्ट्यांनी मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत नेऊ नका. राज्य ४३ आणि ४४ अशा दोन पट्ट्यांत विभागलं जातं, नागपूर दुसऱ्या पट्ट्यात आहे. बिंदू ४३२६ मध्येच, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशांत, ठेवा, किलोमीटर दाखवताना पृथ्वीच्या गोलाईवर अंतर मोजणारा ‘जिऑग्रफी’ प्रकार वापरा. जवळची ठिकाणं काढायला जागांसाठीचा जिस्ट इंडेक्स आणि अंतराच्या ऑपरेटरने क्रम लावा, ठरावीक त्रिज्येचा शोध नको. विदर्भातल्या जंगलपट्ट्यात त्या त्रिज्येत काहीच येणार नाही आणि मुंबईत शेकडो येतील.

बोलून शोधणारे तुमच्याकडे असतील तर एक खास मराठी अडचण येईल: ‘साताऱ्यात’, ‘पुण्याला’, ‘कोल्हापुराजवळ’. पोस्टग्रेसमध्ये मराठीचा स्टेमर, म्हणजे शब्दाचे प्रत्यय कापून मूळ काढणारा कोड, नाही, आणि गावांच्या नावांवर स्टेमर चालवावा असं मला वाटतही नाही, तो चांगली नावं कापून टाकतो. जिल्हे, तालुके आणि मोठी शहरं एवढ्यांची सामान्यरूपं (पुण्या, साताऱ्या) नावांच्या टेबलात कमी वजनाने घाला, आणि शोधशब्दाच्या शेवटचे -त, -ला, -जवळ, -हून एवढेच प्रत्यय काढून एक जादा प्रयत्न करा. काहीच सापडलं नाही तरच. नाहीतर ‘त’ने संपणारं कर्जतच आधी कापलं जाईल.

वजनं किती द्यायची याचा आकडा मी सांगणार नाही, कारण तो तुमच्या वापरणाऱ्यांवर ठरतो. ती कोडमध्ये न लिहिता एका छोट्या टेबलात ठेवा. आणि पहिल्या दिवसापासून एक यादी बनवा: शोधशब्द, नकाशा कुठे होता, अपेक्षित ठिकाण. पेन, कऱ्हाड, कर्जत रायगड, डहाणू ठाणे हे तिच्यात आजच घाला. कोणताही नियम किंवा वजन बदललं की सगळी यादी चालवायची, एक सुधारताना दुसरं बिघडलं ते लगेच दिसतं. लॉगमधले ज्यांना एकही निकाल मिळाला नाही असे शब्द दर आठवड्याला वाचा. कोणी शोधलं ते साठवू नका, काय शोधलं तेवढं पुरतं. नावांच्या टेबलात भर घालायला याहून चांगला झरा मला मिळालेला नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. जनगणना आणि ओपनस्ट्रीटमॅप एकत्र आणा, पण नावावरून जोडू नका. जनगणनेचा २०११ चा गावाचा सहा आकडी कोड हा तुमचा आधार, त्यावर केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेचा (एलजीडी) कोड जोडता येतो. ओपनस्ट्रीटमॅपवरच्या बहुतेक गावांना यातला कोणताच कोड नसतो, तिथे घट्ट चावी, एकच तालुका आणि काही किलोमीटरच्या आत अंतर या तिन्ही अटी लागू झाल्या तरच आपोआप जोडा. बाकीच्यांची यादी काढून माणसाने पाहावी. त्या भागात राहणारा माणूस मिळाला तर हे काम कितीतरी पटींनी बरं होतं. जनगणनेत महसुली गाव असतं आणि नकाशावर वाडी असते, हा फरक त्यालाच कळतो.

परवान्याचंही पाहा. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा ओडीबीएल परवान्याखाली आहे: श्रेय द्यावं लागतं, आणि त्यात आपला डेटा मिसळून बनवलेला डेटाबेस लोकांसाठी वापरात आणला तर तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. जिओनेम्स या ठिकाणांच्या नावांच्या डेटाबेसला श्रेय पुरतं, विकिपीडियाशी संलग्न विकिडेटाला तेवढीही अट नाही. म्हणूनच मी वर नावांच्या टेबलात ‘कुठून आलं’ हा कॉलम सांगितला. प्रत्येक ओळीला स्रोत लिहिलेला असेल तर उद्या एखादा स्रोत वेगळा काढायची वेळ आली, तर तेवढ्या ओळी काढून चाव्या आणि गुण पुन्हा चालवले की झालं.